एका कॅपचा हिशेब: फिफाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. जियानी इन्फान्टिनो,
अध्यक्ष, फिफा,
झुरिक



१८ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ असं हरवलं आणि १९९८ नंतर पहिल्यांदा पुरुषांच्या विश्वचषकात जागा मिळवली. सामना संपला तेव्हा आमच्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते. सुरुवातीलाच स्कॉट मॅकटॉमिनेची ओव्हरहेड किक, भरपाई वेळेत कीरन टिअर्नीचा फटका, आणि अगदी शेवटी केनी मॅकलीनने मध्यरेषेजवळून गोलकीपरच्या डोक्यावरून टाकलेला चेंडू. घरातले उठतील म्हणून तोंडावर हात धरून ओरडावं लागलं. फुटबॉल बघणाऱ्या माणसाला अशा रात्री वर्षातून एखाददुसरी मिळते, आणि राष्ट्रीय संघांचा फुटबॉल अजून का टिकून आहे हे अशा रात्रीच कळतं.

पण तुम्हाला लिहायचं आहे ते त्याच मैदानावरच्या, त्याच्या एकवीस वर्षं आधीच्या एका संध्याकाळबद्दल.

३१ मार्च २००४. स्कॉटलंड विरुद्ध रोमानिया, मैत्रीपूर्ण सामना. स्कॉटलंडचे प्रशिक्षक जर्मनीचे बर्टी फोग्ट्स. त्यांचे दिवस वाईट चालले होते. नोव्हेंबर २००३ मध्ये नेदरलँड्सने युरो स्पर्धेच्या प्ले-ऑफमध्ये सहा गोल चढवले होते, फेब्रुवारीत कार्डिफला वेल्सने चार. गळका बचाव कसा बुजवायचा या विवंचनेत असलेल्या माणसाने वीस वर्षांच्या एका पोराला पहिल्यांदा राष्ट्रीय जर्सी दिली. त्याचं नाव जॉन केनेडी. हे नाव वाचून आमच्याकडे कोणालाही अमेरिकेचे अध्यक्षच आठवतील. हा सेल्टिकचा सेंटर बॅक. उंच, शांत, सोळाव्या वर्षीच सेल्टिकच्या मुख्य संघातून खेळलेला.

त्याला घेण्याचं कारण सगळ्या युरोपने सहाच दिवस आधी पाहिलं होतं. युएफा कपच्या चौथ्या फेरीत सेल्टिकची गाठ बार्सिलोनाशी पडली होती. ग्लासगोतला पहिला सामना सेल्टिकने १-० जिंकला, पण मध्यंतराला बोगद्यात झालेल्या हाणामारीत त्यांचा गोलकीपर रॉबर्ट डग्लस लाल कार्ड घेऊन बसला (बार्सिलोनाचा थियागो मोटाही). त्यामुळे २५ मार्चला परतीच्या सामन्यात कॅम्प नोऊवर गोलमध्ये उभा राहिला नुकता एकोणीस पूर्ण केलेला डेव्हिड मार्शल, आणि त्याच्यापुढे बचावाच्या मधोमध वीस वर्षांचा केनेडी. बार्सिलोनाने सगळं करून पाहिलं. सामना ०-० सुटला आणि बार्सिलोना बाहेर गेली. मार्शलने अडवलेल्या फटक्यांचीच चर्चा त्या रात्री जास्त झाली, ते बरोबरही होतं. तरी गोलपर्यंत न पोचलेल्या चेंडूंचा हिशेब कोणी ठेवला असता, तर त्यात केनेडीचं नाव फार वेळा आलं असतं. बचावपटूच्या नशिबी हे असतंच. त्याने केलेलं चांगलं काम म्हणजे न घडलेली गोष्ट.

रोमानियाविरुद्धचा सामना सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नसतील. रोमानियाचा योआन व्हिओरेल गानेआ चेंडूकडे झेपावला. चेंडू राहिला बाजूला आणि उचललेला बूट केनेडीच्या गुडघ्यात घुसला. गुडघ्याचे अनेक अस्थिबंध एकदम फाटले. आमच्या पोरांच्या भाषेत, लिगामेंट गेलं. इथे एक नाही, जवळजवळ सगळीच गेली. त्याला उचलून बाहेर नेलं. सामना पुढे चालू राहिला आणि रोमानियाने तो २-१ असा जिंकला. त्या निकालावर ना पात्रता अवलंबून होती, ना करंडक. सेल्टिक पुढच्या महिन्यात उपांत्यपूर्व फेरीत विलारेआलकडून हरली, तेव्हा केनेडी नव्हता.

मैदानावर पुन्हा उभं राहायला त्याला जवळजवळ तीन वर्षं लागली. शस्त्रक्रिया, चालायला शिकणं, पळायला शिकणं, पुन्हा सूज, पुन्हा टेबलावर. २००८ मध्ये सेल्टिकने त्याला इंग्लंडच्या नॉर्विच सिटीकडे उसनवार पाठवलं, खेळायची सवय परत यावी म्हणून. गुडघा मानला नाही. २००९ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, केनेडीने बूट काढून ठेवले. सेंटर बॅक साधारण ज्या वयात खेळ वाचायला शिकतो, त्या वयात. त्याच्या नावावर स्कॉटलंडची एक कॅप, म्हणजे एकच आंतरराष्ट्रीय सामना आहे, आणि ती कॅप वीस मिनिटांचीही नाही.

अध्यक्षमहोदय, फुटबॉलमध्ये पाय मोडतात, हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाही. तो पाय कोणाच्या हुकमाने मैदानात गेला होता, याकडे लक्ष वेधायचं आहे. तुमच्या खेळाडूंच्या दर्जा आणि बदलीविषयीच्या नियमावलीचं पहिलं परिशिष्ट तुम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून माझ्यापेक्षा नीट वाचलं असेल. राष्ट्रीय संघाने बोलावलं की क्लबने खेळाडू सोडायलाच हवा. खेळाडूनेही जायलाच हवं. गेला नाही, तर त्या काळात, आणि वर आणखी पाच दिवस, राष्ट्रीय महासंघाच्या परवानगीशिवाय त्याला स्वतःच्या क्लबकडूनही खेळता येत नाही. खेळाडू सोडल्याबद्दल क्लबला भरपाई मागता येत नाही. आणि त्या काळातला खेळाडूचा अपघात विमा कोणी उतरवायचा? तोही क्लबने. म्हणजे बोलावणारा एक, तिकिटं विकणारा तोच, आणि जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर.

हे अन्यायाचं आहे हे क्लबांनी तुमच्या संस्थेला पटवून दिलं, पण गोडीगुलाबीने नाही. केनेडीनंतर साडेसात महिन्यांनी, नोव्हेंबर २००४ मध्ये, बेल्जियमच्या शार्लेरोआ क्लबचा अब्देलमजीद उलमेर्स मोरोक्कोकडून बुर्किना फासोविरुद्ध खेळताना जखमी झाला आणि कित्येक महिने बाहेर बसला. तोही मैत्रीपूर्ण सामनाच होता. शार्लेरोआ थेट न्यायालयात गेला, युरोपातल्या बड्या क्लबांची जी-१४ ही संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयाच्या दारापर्यंत पोचलं. तिथे आपला नियम टिकणार नाही अशी धास्ती फिफाला वाटली असावी. जानेवारी २००८ मध्ये तडजोड झाली. जी-१४ विसर्जित झाली, खटला मागे घेतला गेला आणि विश्वचषकाच्या कमाईतून क्लबांना वाटा द्यायचं ठरलं. २०१० साठी हा वाटा ४ कोटी डॉलरचा होता. २०२२ ला तो २०.९ कोटी होता, आणि २०२६ साठी ३५.५ कोटी ठरला आहे. २०१२ पासून त्यात क्लब संरक्षण योजनेची भर पडली: राष्ट्रीय सामन्यात जखमी झालेला खेळाडू अठ्ठावीस दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर त्याचा पगार फिफा क्लबला भरून देते. दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो, एका अपघातापोटी ७५ लाख युरोपर्यंत, आणि जास्तीत जास्त एक वर्ष.

योजना वाईट नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बार्सिलोनाच्या गावीचा गुडघा स्पेनकडून जॉर्जियाविरुद्ध खेळताना गेला, तेव्हा त्याच्या क्लबला आधार होता तो हिचाच. गावी नंतर मैदानावर परत आला, आनंद आहे.

माझं म्हणणं पुढचं आहे. योजनेच्या नावातच क्लब आहे, आणि तपशिलातही क्लबच आहे. ती भरून देते तात्पुरतं अपंगत्व. कायमचं अपंगत्व तिच्यात बसत नाही. मृत्यू बसत नाही. उपचाराचा खर्चसुद्धा बसत नाही. आमच्याकडे पीकविम्याचे पैसे आले की बँक आधी आपलं कर्ज वळतं करून घेते आणि शेतकरी रिकाम्या हाताने घरी येतो. तुमच्या योजनेत तर त्या शेतकऱ्याचं नाव अर्जावरही नाही.

केनेडीचं उदाहरण तिच्यात घालून बघा. समजा ही योजना २००४ मध्येच असती. क्लबला त्याच्या पगाराचे पैसे साधारण २००५ च्या एप्रिलपर्यंत मिळाले असते. त्या एप्रिलमध्ये केनेडी अजून खेळायच्या आसपासही नव्हता. पुढची दोन वर्षं, नॉर्विचचं उसनं घर, आणि शेवटी निवृत्ती, हे सगळं योजनेच्या नजरेआड घडलं असतं. सव्विसाव्या वर्षी तो थांबला तेव्हा फिफाच्या खात्यात ते प्रकरण बंद होऊन चार वर्षं झालेली असती. म्हणजे ज्याला कमी लागलं त्याची भरपाई पूर्ण होते आणि ज्याचं सगळंच गेलं त्याची सर्वांत अपुरी. विमा उलटा उभा केला आहे.

यावर तुमच्याकडून काय उत्तर येईल याची मला कल्पना आहे. पहिलं असं, की व्यावसायिक खेळाडू चांगला कमावतो, त्याने स्वतःचा विमा उतरवावा. रोनाल्डोला हे म्हणता येईल. वीस वर्षांचं, नुकतंच मुख्य संघात आलेलं पोर कोणत्या पगारावर पंधरा वर्षांच्या कारकिर्दीचा विमा उतरवणार? आणि एकदा गुडघा फाटल्यावर कोणती कंपनी त्याच गुडघ्याचा विमा देते? आधीची दुखापत वगळून, असं पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. पाच वर्षांनी झालेली निवृत्ती त्या एका टॅकलमुळेच झाली हे ठरवायचं कसं? प्रश्न खरा आहे. पण तो सुटत नाही असं मात्र नाही. स्कॉटलंडमध्येच त्याचा एक जुना दाखला आहे. ८ ऑक्टोबर १९८८ ला अ‍ॅबरडीनच्या पिटॉड्री मैदानावर नील सिम्प्सनच्या टॅकलने रेंजर्सच्या इयन ड्युरंटचा गुडघा असाच गेला. ड्युरंट तेव्हा बावीसचाही नव्हता, आणि त्याच्या पिढीतला स्कॉटलंडचा सर्वांत चतुर मिडफिल्डर होता असं मला वाटतं. अडीच वर्षं तो बाहेर होता. त्याने दिवाणी दावा लावला आणि १९९३ मध्ये न्यायालयाबाहेर समझोता झाला. ड्युरंटची गोष्ट पुढे तशी बरी झाली: तो परतला, रेंजर्सकडून चॅम्पियन्स लीगमध्ये मार्सेलच्या मैदानावर गोल केला, किलमारनॉकला जाऊन तिशीनंतर पुन्हा स्कॉटलंडकडून खेळला. तरी ज्यांनी त्याला १९८८ च्या आधी पाहिलं, ते आजही तो वेगळाच ड्युरंट होता म्हणतात. मुद्दा असा, की दुखापतीने कारकिर्दीचं किती नुकसान झालं हे डॉक्टर आणि वकील एका टेबलाशी बसून ठरवत आले आहेत. कारखान्यात बोट तुटलेल्या कामगाराचं ठरतं, तसं गुडघ्याचंही ठरेल.

मात्र ड्युरंटच्या वाटेने सगळ्यांनी जावं असं मी म्हणणार नाही. त्या वाटेत दोन खेळाडू समोरासमोर उभे राहतात. सिम्प्सन १९८३ मध्ये अ‍ॅबरडीनला युरोपीय करंडक जिंकून देणाऱ्या संघातला. आज त्याचं नाव निघालं की करंडकाआधी तो टॅकल निघतो. गानेआचंही तेच. मला गानेआवर सूड नको आहे. एक वाईट टॅकल, एका सेकंदाचा निर्णय. दोष कोणाचा हे न शोधता भरपाई मिळावी, म्हणून तर जगभर कामगार भरपाईचे कायदे झाले. ज्याच्या कामावर असताना इजा झाली, त्याने द्यायची. राष्ट्रीय सामना हे तुमचं काम आहे.

पैशाचं कारण तर कृपया पुढे करू नका. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाने साडेसात अब्ज डॉलरपेक्षा जास्त महसूल मिळवला. आणि खेळाडूला थेट पैसे देण्याचा प्रघात नाही, असंही म्हणता येणार नाही. २०२० मध्ये, तुमच्याच कार्यकाळात, पगार बुडालेल्या खेळाडूंसाठी फिफाने खेळाडूंच्या जागतिक संघटनेबरोबर १.६ कोटी डॉलरचा निधी उभारला. क्लबने पगार बुडवला तेव्हा खेळाडूला फिफाने मदत केली. फिफाच्या कॅलेंडरवरच्या सामन्यात गुडघा गेला तर करत नाही. हे तर्काच्या कोणत्या शाळेत बसतं?

तुम्हाला वाटेल, ग्लासगोतल्या जुन्या प्रकरणाशी या मराठी माणसाचा काय संबंध. सप्टेंबर २०२५ मध्ये ताजिकिस्तानात भारत-इराण सामना झाला, त्यात आमच्या संदेश झिंगनच्या गालाचं हाड मोडलं. तो खेळतो एफसी गोवाकडून, आणि गोव्याच्या क्लबसमोर तेव्हा आशियाई स्पर्धेतले मोठे सामने होते. ज्या स्पर्धेत तो भारत-इराण सामना झाला, तिच्यासाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडायलाच नकार दिला होता. फिफाने ठरवून दिलेल्या तारखांचा मुद्दा होताच, पण देशाकडून खेळताना जखमी झालेल्यांकडे नंतर कोणी बघत नाही, ही तक्रारही त्यामागे होती. आमच्याकडे त्यावर देशप्रेमाच्या नावाने बरीच आरडाओरड झाली. मला मात्र क्लबची बाजू तेवढी चुकीची वाटली नाही. देशासाठी खेळ म्हणणाऱ्याने देशासाठी मोडलेल्या हाडाची सोय आधी सांगावी. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात तिथपर्यंत तुमचा कुठलाच निधी पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण वरचा नियम कसा आहे हे बघूनच खालचे नियम होतात. आज वर खेळाडू मोजला जात नाही, मग खाली कोण मोजणार?

केनेडीपुरतं सांगायचं तर सेल्टिकने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. निवृत्तीनंतर त्याला काम दिलं, कुमार संघांपाशी, मग मुख्य संघाच्या प्रशिक्षकांत. ब्रेंडन रॉजर्स, नील लेनन, अँज पोस्टेकोग्लू यांच्या हाताखाली तो राहिला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लेननने राजीनामा दिल्यावर हंगाम संपेपर्यंत संघाची धुरा त्याच्याकडे होती. त्याच्याविषयी लिहिणारे याला सुखान्त म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्याच्या क्लबने माणुसकी दाखवली, आणि त्याच्यापाशी बुद्धी होती. या दोन्ही गोष्टींत तुमच्या संस्थेचा वाटा शून्य आहे. हॅम्पडेनवर पडला तो सेल्टिकऐवजी एखाद्या गरीब क्लबचा किंवा गरीब देशाचा पोरगा असता, तर आज त्याचं नाव घ्यायला मीसुद्धा उरलो नसतो, कारण मला ते कळलंच नसतं. अशी किती नावं आहेत? दरवर्षी राष्ट्रीय सामन्यांत झालेल्या दुखापतींनी किती जणांचा खेळ कायमचा थांबला, याची यादी फिफाने प्रसिद्ध करावी, ही माझी पहिली मागणी. तिला पैसा लागत नाही.

दुसरी मागणी पैशाची आहे. क्लबांना विश्वचषकातून जो वाटा जातो, तो २०२२ पेक्षा २०२६ ला साधारण १४.६ कोटी डॉलरने वाढला आहे. क्लबांच्या वाट्याला हात न लावता, पुढच्या चक्रात या वाढीच्या एक दशांशाएवढा निधी वेगळा काढा आणि राष्ट्रीय सामन्यातल्या दुखापतीने ज्यांची कारकीर्द संपली त्या पुरुष आणि महिला खेळाडूंना तो थेट द्या. त्यात उपचाराचा खर्च असू द्या. मुदत ३६५ दिवसांची नको, वैद्यकीय मंडळ सांगेल तोवरची असू द्या. सामना पात्रतेचा होता की मैत्रीपूर्ण, हा फरक करू नका. केनेडी आणि उलमेर्स दोघेही मैत्रीतच जायबंदी झाले. आणि २०१२ च्या आधीच्या ज्या खेळाडूंची नोंद स्पष्ट आहे, त्यांचा अर्ज तरी घ्या.

आता फक्त एक विचारतो. पुढच्या चार वर्षांसाठी क्लब संरक्षण योजनेची नियमावली नव्याने लिहिली जाईल, तेव्हा 'कायमचं अपंगत्व' हे शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीतून निघणार आहेत की नाही? नाही असेल, तर त्याचं कारण फिफाने जाहीरपणे आणि लेखी द्यावं.

कळावे,
एक फुटबॉल बघणारा